घरात कुणी नाही

"अकरा," चिसांगानं पडद्यावरचा आकडा वाचला, आणि पाठीवरच्या तान्ह्या लोम्बेला झुलवणं तिच्या अंगातून आपोआप थांबलं.

तिची आई, तिची मायो, खुर्चीतून उठली नव्हती. माउसवरचा हात तसाच होता, फक्त बोटं ताठ झाली होती. समोर निळा पडदा, त्यात गोल गोल फिरणारे ठिपके, आणि खाली शब्द: अपडेट चालू आहे, ११ टक्के पूर्ण, संगणक बंद करू नका.

"मी रोजच्यासारखंच बंद केलं," मायो म्हणाली. "वीज जायच्या आधी करते तसं. आज बंद करायच्या जागी काहीतरी लांबलचक लिहिलं होतं. शेवटी 'बंद'च होतं, म्हणून दाबलं."

चिसांगानं भिंतीकडे पाहिलं. पिठाच्या लगद्यानं चिकटवलेलं भारनियमनाचं वेळापत्रक तिथं होतं. त्यांच्या वस्तीच्या ओळीत मंगळवार: दुपारी दोन ते रात्री दहा. घड्याळात एक वाजून बारा मिनिटं झाली होती.

"तार काढून टाकू भिंतीतली?"

"नको, मायो! बंद करू नका म्हणतंय ना ते."

"कुणाला म्हणतंय? मला? माझ्या घरात?"

एरवी दोघी ह्यावर पोट धरून हसल्या असत्या. आज चिसांगा टेबलाखाली वाकली आणि जुन्या यूपीएसच्या डब्याला हात लावून पाहिला. डबा कोमट होता. एके काळी वीज गेली की हा डबा संगणकाला वीस मिनिटं तगवायचा. गेल्या महिन्यात मायोनं घड्याळ लावून मोजलं होतं, तेव्हा चारच मिनिटं भरली.

त्या यंत्राच्या पोटात बासष्ट गाणी होती.

मायो लुआन्श्या गावाच्या त्या भागातली बानाचिंबुसा. लग्न ठरलेल्या मुलींना चार भिंतींच्या आत शिकवणारी बाई. मातीच्या मूर्ती करायच्या, एकेका मूर्तीचं गाणं म्हणायचं, मुलीकडून म्हणवून घ्यायचं आणि काम झालं की मूर्ती मोडून मातीत मिसळायची. गाणी कुठं लिहिलेली नव्हती. मायोची गुरू, म्हातारी न्गोसा, आजारी पडली तेव्हा मायो तिच्या उशाशी बसून गाणी गोळा करू लागली, आणि म्हातारी गेल्या थंडीत गेली. लिहायच्या गोष्टीवरून वस्तीतल्या जाणत्या बायकांची बैठक भरली होती. लिहिलेलं पुरुषांच्या हाती पडणार, पोरं फोनवर पाठवणार, असं म्हणून दोघी रागानं उठूनही गेल्या. तेव्हा मायो सगळ्यांसमोर जमिनीवर तळवे टेकून म्हणाली होती: एक यंत्र, एक घर, ह्या उंबऱ्याबाहेर अक्षर जाणार नाही. म्हणून दुसरी प्रत नव्हती. पेन ड्राइव्हचं नाव काढलं तरी ती म्हणायची, खिशात मावतं ते खिशातून जातं.

गाणी पुरी करायला म्हणून चिसांगा पंधरा दिवस माहेरी आली होती. मायो सांगायची, ती टाइप करायची. बासष्टावं काल संध्याकाळी झालं होतं.

"तेरा," ती म्हणाली. "मायो, लोम्बेच्या बाबाला बोलावते."

मायोनं कमरेला गुंडाळलेल्या चितेंगे कापडाच्या गाठीतून आपला बटणांचा फोन काढून लेकीसमोर धरला. चिसांगाचा स्वतःचा फोन गेल्या बुधवारपासून मक्याच्या पिठाच्या डब्यात सुकत पडला होता. कपड्यांच्या बादलीत पडला होता तो.

*

"ओडी!"

एक बत्तीसला अंगणातून दारी आल्याची हाक आली, मागोमाग टाळ्यांचा मऊ आवाज. चिसांगाचा नवरा चिटालू पेरूच्या झाडापर्यंत आला आणि घराकडे पाठ करून थांबला. शाळेतून तसाच निघाला होता. तिथल्या संगणकांची खोली त्याच्याकडे होती, आणि बोटांवर फळ्याचा खडू दिसत होता.

लग्नाला तीन वर्षं झाली, तरी रीतीप्रमाणे जावयानं सासूचं तोंड पाहिलं नव्हतं. बाजारात ती समोरून आली तर तो भाज्यांच्या पाट्यांमागे वळायचा. ती बसायची त्या खुर्चीला तो हात लावत नसे. सासू एके दिवशी अख्खी कोंबडी शिजवून जावयाला जेवायला घालते, आणि मगच तो घरातला होतो, तिच्यासमोर यायला मोकळा. मायोनं तो दिवस एकदा सुतक म्हणून पुढं ढकलला, एकदा मका आला नाही म्हणून. तिसऱ्यांदा तिनं कारणच दिलं नाही. नणंदा चिसांगाला टोमणे मारायच्या, तुझ्या माहेरच्या कोंबड्या फार हळू वाढतात गं.

"किती झालं?" चिटालूनं पेरूला विचारलं.

"चोवीस."

"घाबरायचं काही नाही. दोनच्या आत पोचेलही."

खोलीतून मायोचा आवाज आला. ती लेकीशी बोलत होती, पण आवाज खिडकीच्या मापाचा होता.

"विचार त्याला. हे यंत्र आपणहून कधी काही सुरू करणार नाही, असं म्हणाला होता ना तो? मी ह्याला हात लावायला कुणाच्या भरवशावर बसले?"

चिटालूला शब्द न् शब्द ऐकू गेला होता. तरी चिसांगा तीन पावलं चालून खिडकीशी गेली, कारण तसंच जायचं असतं.

"मायो विचारते, आपणहून सुरू होणार नाही म्हणाला होतास ना?"

"म्हणालो होतो. त्यांच्या मोडेमची लाइन मोजून मिळते, तिच्यावर काही उतरवायचं नाही, असं यंत्राला बजावून ठेवलंय. ते त्या लाइनवर उतरवूच शकत नाही. दुसऱ्याच कुणाच्या लाइनला जोडलं असेल, तरच..."

तो थांबला. मान हळूच वळली. नियम सासूपुरता होता, बायकोकडे पाहायला हरकत नव्हती. त्यानं चिसांगाकडे पाहिलं.

चिसांगाचा हात पाठीमागं गेला आणि लोम्बेचं पाऊल धरून राहिला. पाऊल आज गार होतं. गेल्या गुरुवारी ते तव्यासारखं तापलं होतं. मायो मयतीला गेली होती, मोडेममधला डेटा संपला होता, फोन पिठात होता, आणि औषधाच्या बाटलीवरचं अर्धं लिहिलेलं पुसलं होतं. ती धावत शेजारच्या कासोंडेच्या आईकडे गेली. त्यांच्याकडं नवीनच छपरावर इंटरनेटची तबकडी बसली होती, न मोजता चालणारी. तिथून संकेतशब्द आणला, संगणक त्या लाइनला जोडला आणि न्दोलाच्या नर्स बहिणीला लिहिलं: पाच महिन्यांच्या बाळाला किती थेंब? उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं यंत्र तसंच उघडं राहिलं, आणि ती बाळाच्या कपाळावर ओला कपडा बदलत राहिली. दुसरी लाइन जोडू नकोस, हे चिटालूनं तिला दोनदा बजावलं होतं. त्या चाळीस मिनिटांत तिला ते एकदाही आठवलं नाही.

ते सांगायला तोंड उघडायचं होतं. ते उघडेना.

चिटालूनं मान पुन्हा पेरूकडे वळवली.

"सांग त्यांना," तो नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं म्हणाला. "माझ्याकडून चुकलं. मी नीट लावलं नव्हतं."

खिडकी ते खुर्ची तीन पावलं. चिसांगाला ती संपू नयेत असं वाटलं.

"तो म्हणतो, त्याच्याकडून चुकलं."

"हं," मायो म्हणाली. पडद्यावरची नजर तिनं हलवली नाही. "सत्तावीस."

*

सत्तावीस. एक चाळीसलाही सत्तावीस. ठिपके फिरत होते, आकडा हलत नव्हता. लोम्बे जागी होऊन कुरकुरली. चिसांगानं तिला पुढं घेऊन छातीशी लावलं आणि उभ्याउभ्याच पाजलं. तिचंही लक्ष आकड्यावरच होतं.

"मध्येच वीज गेली तर काय होईल ते विचार," मायो म्हणाली. "आणि गोड करून सांगू नको म्हणावं."

ह्या वेळी तिला खिडकीशी जावंच लागलं नाही. बाहेरून उत्तर आलं.

"लोम्बेची आई, त्यांना सांग, गाणी जाणार नाहीत. गाणी आतल्या डिस्कवर राहतील. पण यंत्र पुन्हा उठेल की नाही सांगता येत नाही. नाही उठलं तर ती डिस्क काढून कितवे शहरातल्या दुकानात न्यावी लागेल. तिथली माणसं उघडून बघणार. बघितल्याशिवाय त्यांना काढता येत नाही."

"आणि ह्यानंच काढली तर?" मायोनं लेकीला विचारलं.

"मी काढली तर मला दिसणार," पेरूखालून आवाज आला.

खोलीत फक्त लोम्बेच्या घुटक्यांचा आवाज होता. मायोनं दोन्ही तळवे मांडीवर ठेवले. बैठकीत जमिनीवर टेकले होते तेच तळवे. सांध्यांत मूर्तींची लाल माती अजून बसलेली.

"त्याआधी मी ते कोळशात घालीन," ती म्हणाली. हे कुणाला सांगायला म्हणाली नव्हती.

चिटालू अंगणात लावलेल्या आपल्या गाडीकडे चालायला लागला.

"गाडीची बॅटरी काढतो. डिकीत इन्व्हर्टर आहे, प्रवासात फोन चार्ज करायचा, जरा मोठा. यूपीएस भिंतीतून काढून त्याला लावायचा. जमेल." बॉनेट उघडल्याचा आवाज आला. "त्या डब्याला ही वीज मानवली तर."

"तार खिडकीतून टाक!" चिसांगा ओरडली.

"पुरत नाही. तुमचं टेबल पार आतल्या भिंतीला. मला आत यावं लागेल."

चिसांगानं आईकडे पाहिलं. मायो खुर्चीतून हलली नाही.

"मायो, तू मागच्या खोलीत जा ना. पाच मिनिटं."

"आणि ते मध्येच उघडलं, तर? पहिलं पान वर आलं, आणि समोर तो उभा?"

"नाही उघडत असं."

"सत्तावीसवर अडकतं असं तरी कुठं म्हणाला होता कुणी?" मायो म्हणाली. "तीन वर्षं मी ह्या यंत्रापासून हललेले नाही. आज मी हलणार नाही."

बाहेर पाना फिरल्याची किरकिर चालू होती. एक पन्नास. एकोणतीस. चिसांगानं लोम्बेला सतरंजीवर ठेवलं. मूल रडायला लागलं, आणि तिला उचलायला हात पुढं जात होता तेवढ्यात दारात चिटालूची सावली पडली. तो मागच्या पावलांनी आला होता. पाठ घराकडे, दोन्ही हातांत बॅटरी, खांद्याला लटकलेला इन्व्हर्टर. उंबऱ्याशी थांबला.

"ओडी," तो हळू म्हणाला. शर्टाची पाठ घामानं चिकटली होती आणि बॅटरीच्या वजनानं दंड थरथरत होते. आत ये म्हणायला कुणी नव्हतं. म्हणायचं कुणी ते चिसांगालाही कळेना.

तेव्हाच पंखा मंदावला. यूपीएस किंचाळायला लागला.

एक छप्पन्न. वेळापत्रकाच्या चार मिनिटं आधीच वीज गेली होती.

"मायो!"

मायो उठली. खुर्ची एका हातानं उचलली, दोन पावलं कोपऱ्यात नेली, भिंतीकडे तोंड करून मांडली आणि बसली. खांद्यावरचं चितेंगे तिनं डोक्यावरून ओढलं, कपाळ झाकलं, तोंड झाकलं, हात आत घेतले. कोपऱ्यात आता एक निळंपिवळं गाठोडं होतं. त्या गाठोड्यातून स्पष्ट आवाज आला:

"त्याला सांग, घरात कुणी नाही."

चिसांगा दाराकडे वळली.

"ये. घरात कुणी नाही."

चिटालू रिकाम्या घरात शिरला. कोपऱ्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडेही नाही. थेट टेबलाखाली गुडघ्यांवर बसला. यूपीएस दर दोन सेकंदांनी ओरडत होता. त्यानं बॅटरी ठेवली, लाल चिमटा लावला, काळा लावताना ठिणगी उडाली आणि लोम्बे एकदम गप्प झाली.

"किती वेळ झाला?"

"दीड मिनिट," गाठोडं म्हणालं. मग लगेच, "त्याला सांग, दीड मिनिट."

"दीड मिनिट," चिसांगा म्हणाली.

इन्व्हर्टरचा दिवा लागला, हिरवा झाला, लाल झाला. चिटालूनं तो बंद केला. चिमटा सोडवून शर्टाच्या टोकानं बॅटरीचं टोक घासलं, पुन्हा लावला. ओरडणं आता जलद झालं होतं, दर सेकंदाला एक. चिसांगाच्या पायाशी लोम्बेची मूठ आईचा घोटा शोधत होती. तिला वाकता येत नव्हतं. वाकलं तर डोळा आकड्यावरून हटला असता.

"अडीच," कोपऱ्यातून आलं.

"भिंतीतला प्लग काढ," चिटालू म्हणाला. "मी म्हणेन तेव्हा. हं. आत्ता."

तिनं काढला. तार त्याच्या हातात दिली. त्याची बोटं घामानं घसरली, पहिल्यांदा प्लग बसलाच नाही. दुसऱ्यांदा बसला. इन्व्हर्टरचा पंखा सूं करून फिरायला लागला. यूपीएस आणखी दोनदा ओरडला, जणू विचार करत होता, मग थांबला.

चिटालूनं कपाळावरचा घाम खांद्याला पुसला.

"काय आहे?" चिटालूनं जमिनीकडे पाहत विचारलं.

"एकतीस," चिसांगा म्हणाली. "बत्तीस."

*

नंतरची पस्तीस मिनिटं तो टेबलाखालीच बसून राहिला, एक हात इन्व्हर्टरवर ठेवून, तापतो का पाहत. चिसांगानं लोम्बेला त्याच्या मांडीवर दिलं. तो तिला पुटपुटत काहीतरी सांगत होता, छत्तीस, तुझ्या आजीचं यंत्र म्हातारं आहे, पन्नास, तुझ्या आजीसारखंच हट्टी. कोपऱ्यातलं गाठोडं एकदा हललं. चिसांगाला वाटलं, हसलं.

"तुझ्या आजीला सांग," चिटालू बाळाला म्हणाला, "शाळेतलं यंत्र ह्यापेक्षा हळू आहे, आणि त्याच्यात एकही गाणं नाही."

"त्याला सांग," गाठोडं म्हणालं, "लेकरू मांडीवर आहे, तारांपासून लांब बस."

दोन चौतीसला आकडा शंभर झाला. पडदा काळा झाला, एकदा उजळला, पुन्हा काळा झाला. यंत्राचा दिवा विझला.

"बंद झालं," चिसांगा म्हणाली.

"तसंच व्हायचं होतं. बंद करायलाच सांगितलं होतं त्याला." चिटालू उठला, लोम्बेला तिच्याकडे दिलं. "आता सुरू करून बघायचं. ते मी नाही बघणार. मी बाहेर आहे."

तो आला तसाच, मागच्या पावलांनी गेला. उंबऱ्यावर थांबून रिकाम्या घराला टाळ्या वाजवून निरोप दिला.

चिसांगानं बटण दाबलं. यंत्र घरघरलं, थोडा वेळ काहीच झालं नाही, मग पडदा उजळला. सगळं होतं तिथंच होतं. तिनं गाण्यांची फाइल उघडली आणि शेवटापर्यंत गेली. बासष्टावं गाणं, कालची शेवटची ओळ, ओळीच्या टोकाशी उघडझाप करणारी उभी रेघ.

मायोनं चितेंगे डोक्यावरून उतरवलं. केस एका बाजूला चपटे झाले होते, गालावर कापडाची घडी उमटली होती. तिनं खुर्ची परत टेबलाशी आणली, चष्मा लावला आणि बासष्टावं गाणं ओठ हलवत पूर्ण वाचलं. मग एकसष्टावं वाचलं. मग फाइल बंद केली.

"कासोंडेची आई शुक्रवारी नळावर भेटली होती," ती म्हणाली. "विचारत होती, तुझी लेक काल घाईघाईनं आमची लाइन मागून गेली, बाळ बरं आहे ना आता?"

चिसांगा लोम्बेच्या टाळूवर हनुवटी टेकवून उभी राहिली.

"तू शुक्रवारपासून..."

"लाइन मागितलीस ते शुक्रवारी कळलं. त्याचं हे असं होतं, ते आज कळलं. तो खिडकीशी अडखळला तेव्हा." मायोनं चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता. "मी घरी असते तर मीच पळत गेले असते त्यांच्याकडे. लेकरू आधी."

"मायो, मी सांगणार होते."

"मला सांगून काय करतेस? मी इथं बसून सगळं ऐकलंय." तिनं चष्म्यातून भिंतीकडे पाहिलं. "ते वेळापत्रक बघ जरा. पुढच्या शनिवारी संध्याकाळी वीज आहे का?"

चिसांगानं बोट ओळीवरून सरकवलं.

"आहे. दहाला जाते."

"पुष्कळ झालं. कोंबडी कोळशावरच होईल. अख्खी शिजायची म्हणजे दुपारपासून बसावं लागेल." तिनं चष्मा डोळ्यांवरून काढून ठेवला. "वाढताना उजेड हवा मला. तीन वर्षं झाली, माणूस कसा दिसतो ते एकदा नीट बघू दे. जा, निरोप दे त्याला."

चिसांगा बाहेर आली. ऊन पेरूच्या पलीकडे सरकलं होतं. बॉनेट अजून उघडंच होतं, आणि चिटालू पायरीवर बसून बोटांवरचं काळं घासत होता. त्यानं मान वर केली.

"उठलं का यंत्र?"

"उठलं."

"काय म्हणाल्या?"

ती त्याच्या शेजारी बसली. लोम्बेला दोघांच्या मधे ठेवलं. निरोप तोंडात तयार होता, शनिवारचा, चांगला, नणंदांची तोंडं बंद करणारा. तिनं तो तसाच धरून ठेवला.

"सांगते," ती म्हणाली. "आधी माझं ऐक."